शिकागारी

जपानी भाषेत 'गारी' नावाचं एक शेपूट आहे आणि ते कशालाही लागतं. इचिगो म्हणजे स्ट्रॉबेरी. इचिगोगारी म्हणजे प्लास्टिकच्या उबदार मांडवात शिरून, हातात कंडेन्स्ड मिल्कची वाटी धरून पोटाला तडस लागेपर्यंत स्ट्रॉबेऱ्या तोडून खाणं. बुदोगारी म्हणजे तेच, द्राक्षांचं. मोमिजीगारी म्हणजे मेपलची लाल झालेली पानं पाहायला डोंगरात जाणं. आमच्या पहिल्या मोमिजीगारीला आई कापडी पिशवी घेऊन गेली होती. बाबांच्या कंपनीतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवून, अगदी हळुवारपणे तिला सांगितलं की पानं न्यायची नसतात, नुसती बघायची असतात. आईनं पिशवीची घडी घातली आणि मनाशी नियम करून टाकला. गारीत खाण्यासारखं काही असलं तर खायचं, नसलं तर बघायचं.

या नियमाच्या भरवशावर आम्ही एकदा फार लांब गेलो होतो.

मागच्या नोव्हेंबरात आईला घेऊन मी पुन्हा तिथे गेले. होक्काइदोच्या पूर्व टोकाला, कुशिरोच्याही पुढे, नजर पोचेल तिथवर गवत आहे. नोव्हेंबरात ते पिवळं पडतं, मधूनमधून ओकच्या झाडांचे पुंजके असतात आणि वारा समुद्राकडून येतो. गाडीचं दार उघडलं आणि ओल्या गवताचा, शेणाचा, थंडीचा तो वास आला. थंडीला वास असतो हे मला त्या माळानंच शिकवलं. आई उतरली, शाल कानांवरून घेतली आणि म्हणाली, "काही बदललं नाही गं." खरं तर सगळंच बदललं होतं. गोठा पडला होता, घराला कुलूप होतं, आणि बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. पण ती गवताबद्दल बोलत होती.

तिच्या पर्समध्ये स्टीलचा एक डबा होता. त्याच्या झाकणाच्या कडेला पोचा आहे. त्या पोच्यामुळे ते झाकण कधी नीट बसत नाही आणि त्याच्यातली बडीशेप सारखी सादळते. तरी तो डबा टाकून द्यायचं आमच्या घरात कोणी नाव काढत नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा. आम्ही योकोहामाला टेकडीवरच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मी तिसरीत होते. सकाळी पिवळी टोपी घालून शाळेत जायचं, संध्याकाळी वस्तीतल्या भोंग्यावर गाणं वाजलं की घरी यायचं. हिवाळ्यात रॉकेलची गाडी आपली धून वाजवत गल्लीतून जायची, तिच्यामागून भाजलेल्या रताळ्यांची. बाल्कनीत थर्माकोलच्या खोक्यात आईनं मेथी लावली होती. घरात रॉकेलचा हीटर असे, हीटरवर किटली, किटलीच्या वाफेनं ओल्या झालेल्या खिडकीवर मी बोटानं मराठी आणि जपानी अक्षरं एकाखाली एक काढायची. तूरडाळ बंदराजवळच्या सिंधी दुकानातून यायची आणि ती आली की घरभर फोडणीचा वास पसरायचा. मग आई घाईघाईनं खिडक्या उघडायची, शेजारणीला त्रास नको म्हणून.

मला ते घर फार आवडायचं. आईला आवडत नव्हतं.

चार वर्षं झाली तरी ती तिथे एकटी पडली होती. पुण्यात बँकेत नोकरी करणारी, चार माणसांत हसणारी बाई, इथे कचऱ्याच्या पिशवीला घाबरायची. जळणारा कचरा कोणता, न जळणारा कोणता, कोणता कधी ठेवायचा, हे तिच्या डोक्यात बसत नसे. शंका आली की ती शेजारणीची बेल दाबायची. आतून "कोण?" असं आलं की म्हणायची, "वाताशी देस." म्हणजे मी आहे. न अडखळता तिला म्हणता येणारं ते बहुधा एकच जपानी वाक्य होतं.

बाबा उशिरा यायचे आणि आले तरी आलेले नसायचे. जेवताना त्यांच्या डोक्यात ऑफिसचा प्रोग्रॅम चालू असायचा. आई म्हणायची, "अहो." बाबा म्हणायचे, "हाय." जपानीत हाय म्हणजे हो. ऑफिसात दिवसभर तेच म्हणायची सवय. "अहो, ऐकताय का?" "हाय, हाय." मला त्याचं हसू यायचं. आईला आधी यायचं, मग यायचं बंद झालं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आईनं सांगून टाकलं. सरकत्या कागदी दारांच्या घरात गुपित राहत नाही, मी पलीकडच्या खोलीत जागीच होते. "मार्चमध्ये शाळा संपली की मी आणि ही पुण्याला जातो. तुम्हाला राहायचं तर राहा." आवाज चढलेला नव्हता. बाबा म्हणाले, "अगं, मार्चमध्येच माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. मोरी-साननी वाढवलं तर इथेच पक्कं होईल सगळं." आई म्हणाली, "तेच तर." मी गादीत पडून मार्चला यायला किती वेळ आहे ते मोजायचा प्रयत्न केला आणि मला रडू फुटलं.

मोरी-सान म्हणजे बाबांचे साहेब. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्या एका शब्दावर बाबांचं कॉन्ट्रॅक्ट लटकलेलं होतं, हे त्या कागदी दारांमुळे मलाही माहीत होतं. थोड्याच दिवसांनी बाबा एकदा लवकर घरी आले, तेच मुळी नवल होतं. म्हणाले, "मोरी-साननी आपल्याला त्यांच्या गावाकडे बोलावलंय. होक्काइदोला. त्यांचे मोठे भाऊ लोकांना माळावर फिरवून आणतात. शिकागारी."

"शिका म्हणजे हरण," मी म्हटलं. हा शब्द मला पहिल्यापासून प्रिय होता. जपानी हरणं शाळेत जात असणार अशी माझी एके काळी खात्री होती.

"अगंबाई, हरणं!" आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला. नाराच्या देवळात आम्ही हरणांना बिस्किटं भरवली होती. तिथल्या हरणांनी माना लववून नमस्कार केले होते आणि एकानं तिच्या साडीचा पदर चघळला होता. ती गोष्ट ती पुण्याला फोनवर सगळ्यांना सांगायची. आता तिनं आपला नियम लावला. हरणं काही तोडून खाता येत नाहीत, म्हणजे बघायचीच. बाबांनीही मान डोलावली. शिकार हा आपला शब्द त्या शब्दात जवळजवळ अख्खा बसलेला होता, पण आम्हा तिघांपैकी एकालाही तो ऐकू आला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. मग गाजरं सोलली, बोटाएवढे लांब तुकडे केले आणि स्टीलच्या डब्यात रचून भरले. "नाराची हरणं बिस्किटं खाऊन नुसती माजली आहेत," ती म्हणाली, "ही रानातली. यांना काहीतरी चांगलं देऊ."

मोरी-सानच्या भावाचं घर गवताच्या समुद्रात एकटंच होतं. दारात रबरी बुटांची रांग, आत लाकडाची शेगडी, गरम दुधाचा वास. भाऊ बुटके, गोल, तोंडाची टकळी अखंड चालू. जुनी गाणी गुणगुणत मध्येच बोलायचे, बोलता बोलता मध्येच गुणगुणायचे. साहेबांचे थोरले भाऊ म्हणून आईनं त्यांना दादा म्हटलं, आणि जपानी रीत म्हणून वर सान लावलं. दादा-सान. त्यांना ते इतकं आवडलं की ते स्वतःच स्वतःला दादा-सान म्हणू लागले. त्यांनी मला माळ दाखवला आणि विचारलं, आफ्रिकेतला सव्हाना चित्रात पाहिला आहेस का? तोच हा, फक्त सिंह तेवढे सुट्टीवर गेलेत.

पहाटे आम्हाला भडक नारिंगी जॅकेटं आणि टोप्या मिळाल्या. आईनं साडीवर जॅकेट चढवलं, टोपी घातली आणि आरशात बघून पोट धरून हसली. मग दादा-साननी लोखंडी कपाटाचं कुलूप उघडलं आणि मोरी-साननी आतून बंदूक काढली.

आईचं हसू तिथेच थांबलं. "अहो, हे कशाला?"

बाबांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाले, "इथे अस्वलं असतात ना. संरक्षणासाठी."

बाबांना तोवर कळलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. आईला कळलं ते गाडीत. दादा-सान हातवारे करकरून सांगत होते, मान कुठे, खांदा कुठे, काळीज किती गरम असतं. भाषा येत नसली तरी ते हात कळण्यासारखे होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या डब्याकडे. तिनं डबा शालीत गुंडाळला. गाजरं घेऊन आपण कुठे आलो आहोत हे कोणाला दिसू नये, असं तिला वाटलं असावं. त्या नारिंगी टोपीखालचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. तितकी एकटी मी तिला योकोहामातही पाहिली नव्हती.

माळावर गवताचे मोठाले गोल भारे पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले होते. त्यांतल्या एकाआड दादा-साननी चटई अंथरली. पुढे ते आणि मोरी-सान, मागे आम्ही तिघं. सूर्य नुकता वर आला होता. गवताच्या प्रत्येक पात्यावर पांढरं दहिवर होतं आणि ते वितळतानाचा बारीक कुरकुर आवाज ऐकू येईल इतकी शांतता होती. दादा-साननी खिशातून लाकडाची एक छोटी शिट्टी काढली. तिच्या तोंडावर पातळ कातडं ताणलेलं होतं. त्यांनी ते जिभेनं ओलं केलं आणि फुंकलं.

ओल्या बोटानं फुगा घासावा तसा आवाज आला, पण लांब, आणि शेवटी चढत गेलेला. मग काहीच नाही. वारा. पुन्हा एकदा शिट्टी. आणि मग दूरच्या ओकच्या पुंजक्यातून उत्तर आलं. तसंच, पण खरं. माझ्या अंगावर काटा आला. दादा-सान मागे वळून कुजबुजले, ते मला समजलं आणि मी आईच्या कानात मराठीत सांगितलं. "त्याला वाटतंय, इथे त्याच्यासारखं कोणीतरी आहे."

हरण बाहेर आलं. मी नारात पाहिली होती त्यांच्या दुप्पट. मान काळपट आणि दाट केसांची, शिंगं फांद्यांसारखी, नाकातून वाफ. चार पावलं टाकायचं, थांबायचं, ऐकायचं. इतकं देखणं जनावर मी त्यानंतर पाहिलं नाही. मोरी-साननी बंदूक सावकाश खांद्याला लावली.

तेवढ्यात मला दिसायचं बंद झालं. आईनं मागून माझे डोळे झाकले होते. तिच्या तळहातांना गाजराचा वास होता. माझ्या डोक्याच्या वरून, अगदी हळू, तिचा आवाज आला. "अहो."

मग ठण्णकन मोठा आवाज झाला. त्या सगळ्या शांततेत स्टीलचा आवाज. पाठोपाठ खुरांचा, गवत मोडल्याचा. डोळ्यांवरचे हात निघाले तेव्हा माळ रिकामा होता. चटईशेजारच्या दगडापाशी डबा आडवा पडला होता आणि पांढऱ्या दहिवरावर गाजरं विखुरली होती.

मोरी-सान वळायच्या आत आई उठून उभी राहिली होती. साडी, नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी. तिनं कमरेतून वाकून नमस्कार केला आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "सुमिमासेन. वाताशी देस." माफ करा. मी आहे, मी केलं.

बाबा खाली बघत बसले होते.

मोरी-साननी बंदुकीतली गोळी काढून घेतली. दादा-सान मात्र उकिडवे बसून गाजरं गोळा करू लागले. एक तोंडात टाकलं, कडकड चावलं आणि विचारलं, हे कोणासाठी होतं? मी सांगितलं. हरणांसाठी. मग मला सगळंच सांगावं लागलं, इचिगोगारी, बुदोगारी, मोमिजीगारी, आईची पिशवी, आईचा नियम. दादा-सान हसता हसता गवतावर आडवेच झाले. आणि मग मोरी-सानही हसले. ते हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. "ओकु-सानचं बरोबर आहे," ते म्हणाले. ओकु-सान म्हणजे वहिनी, म्हणजे आई. "आम्ही पानांची आणि हरणांची सारखीच 'गारी' करतो, ही आमच्या भाषेचीच चूक."

त्या दिवशी मग बंदूक पुन्हा निघाली नाही. आम्ही भाऱ्यावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. दुपारी ऊन पडलं, गवत सोनेरी झालं, लांबवर माद्यांचा एक कळप चरताना दिसला आणि आम्ही तो नियमाप्रमाणे नुसता पाहिला. निघताना दादा-साननी ती शिट्टी आईच्या हातात ठेवली.

त्यानंतर शिकागारी हा आमच्या घरातला शब्दच झाला. कोणाचा कशावरून गैरसमज झाला की त्याची शिकागारी झाली. बाबा तर थट्टेखोर, ते तो शब्द उठता बसता वापरायचे. फक्त डब्याचा विषय निघाला की पेपर उघडायचे. मी आईला चिडवायची, डबा मांडीवरून पडला की तू पाडलास? ती म्हणायची, "पडला असेल. त्या दिवसांत सगळंच पडत होतं."

पण मार्चमध्ये आम्ही गेलो नाही. कारण मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, उगाच विचारून मोडायला नको म्हणून. जानेवारीत आईनं मोठी सुटकेस माळ्यावरून काढली, माझा जीव उडाला, आणि तिनं तीत उन्हाळ्याच्या चादरी भरून ती पुन्हा वर ठेवली. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. आई वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गाला जाऊ लागली, मग बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या दुकानात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करू लागली, भातावर तीळ पेरायच्या कामावर. कचऱ्याच्या बाबतीत तर पुढे शेजारणीच तिला विचारायला येत. बाबा रिटायर झाले तेव्हाही पुण्याला परत जायचा विषय तिनं काढला नाही. आता ती तोक्योत, तोयोसुला माझ्याकडे असते. माझी मुलगी तिच्याशी जपानीत बोलते आणि आई मराठीत उत्तर देते, दोघींचं छान चालतं.

मागच्या नोव्हेंबरात ती आपण होऊन म्हणाली, "मला एकदा तो माळ बघायचाय." निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं गाजरं सोलली. मी तो डबा पुसून तिच्यापुढे ठेवला.

माळावर आता भारा नव्हता, पण दगड होता. निदान आईच्या मते तोच. ती त्यावर बसली, डबा उघडला, एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला. वारा पडला होता. मी नेहमीचाच प्रश्न विचारला, आता थट्टा म्हणून नव्हे, बाबा नाहीत म्हणून. "आई, खरं सांग. डबा पडला की तू पाडलास?"

आई गाजर चावत राहिली. मग म्हणाली, "माझे हात कुठे होते तेव्हा?"

मला ते तळहात आठवले. दोन्ही डोळ्यांवर गाजराचा वास होता. दोन्ही.

"मांडीवर नव्हताच डबा," ती म्हणाली. "आमच्या दोघांच्या मध्ये होता. त्यांनी उचलला आणि या दगडावर आपटला. मग त्यांचंच तोंड पांढरंफटक पडलं. मोरी-सान वळतच होते. म्हटलं, आता यांचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. माझ्याकडे एकच वाक्य होतं, ते म्हणून टाकलं."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"त्यांना लाज वाटायची. सगळ्यांसमोर मी वाकले म्हणून."

दूर ओकच्या झाडांत काहीतरी हललं. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं, पण वाराच होता. माझे डोळे भरून आले होते. विचारू नये असं वाटत असतानाच मी विचारलं, "म्हणून राहिलीस?"

आईनं झाकण लावलं. पोच्याच्या बाजूनं ते नेहमीसारखंच उघडं राहिलं, तिनं अंगठ्यानं दाबून धरलं.

"चार वर्षं मी अहो, अहो म्हणत होते," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांना ऐकू गेलं."